घोडीसाठी भिजवलेला घास

खाणी बंद झाल्या आणि वर्षभराने माझ्या नवऱ्याने ट्रक विकून घोडी आणली.

गोव्यातल्या आमच्या मुळगावात तेव्हा बहुतेक घरांच्या अंगणात ट्रक उभे होते. सावंतवाडीकडून लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून आमचं सगळं त्या ट्रकवरच चालत आलं होतं. नवरा पहाटे निघायचा, खाणीवर खनिज भरायचा, आमोण्याच्या जेटीवर ओतायचा आणि पुन्हा भरायला जायचा. कपड्यांना, उशांना, भिंतीवरच्या कॅलेंडरलासुद्धा लाल धूळ असायची. मग एके दिवशी काम थांबलं. आज सुरू होईल, उद्या सुरू होईल म्हणत माणसं ट्रक पुसत राहिली, आणि हळूहळू पुसायचीही थांबली. आमच्या ट्रकच्या मागच्या चाकांवर पावसाळ्यात वेल चढला, चवथीपर्यंत त्याला फुलं आली. नवरा रोज सकाळी चहाचा कप हातात धरून त्या फुलांकडे बघत उभा राहायचा.

शेवटी बेळगावचा एक माणूस येऊन ट्रक घेऊन गेला. त्यानंतर नवरा पुण्याला मित्राकडे जातो म्हणून निघाला आणि आठवड्याने एका टेंपोतून परत आला. टेंपोची मागची फळी खाली पडली. आतून एक उंच, तांबूस, घामाने ओलं झालेलं जनावर मागे सरकत सरकत अंगणात उतरलं आणि तुळशीकडे बघत उभं राहिलं.

"ह्यां काय?" मी विचारलं.

"घोडी."

"ती दिसतां माका. पण कशाक?"

"हरमलाक न्हेतलंय. किनाऱ्यार लोकांका फिरवतलंय. ट्रक उभो रवलो की गंजता गे. ही उभी रवली तरी जिती आसतली."

घोडी शर्यतीतली होती. शर्यती संपल्यावर कुठल्याशा घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेत, तिथून आणखी कोणाकडे, असं करत ती त्याच्या हाती लागली होती. कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते आमच्यापैकी कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती नुसती घोडीच राहिली. वय बारा म्हणून सांगितलं होतं.

सासऱ्यांना मात्र हर्ष झाला. त्यांनी आयुष्यात घोडा एकदाच पाहिला होता, पोर्तुगीज अमलात, लहानपणी. कोणी अधिकारी घोड्यावरून वाड्यावर, म्हणजे वस्तीत, आला होता. लोकांनी दारं लावून घेतली, आणि सासऱ्यांनी जनेलाच्या झडपेच्या फटीतून फक्त घोड्याचे पाय पाहिले. गोवा मुक्त झाल्यावर जीपगाड्या आल्या, मागोमाग ट्रक आले, पण घोडा काही परत दिसला नाही. त्यांनी आपली कदेल, पाठीची लाकडी खुर्ची, उचलून अंगणात आणली आणि घोडीच्या समोर बसले.

"हो घोडो आमचो?"

"घोडी आहे, बाबा," मी म्हटलं.

"जाऊं दे. आमची मगे?"

"आमची."

ते संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले.

पर्यटकांचा हंगाम सुरू झाल्यावर नवरा घोडीला हरमलला घेऊन गेला. पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या घरामागे झावळ्यांची खोप बांधली. एका कोपऱ्यात हा झोपायचा, उरलेल्या जागेत घोडी. शनिवारी मी डिचोलीहून बस धरून म्हापसा, म्हापशाहून हरमल अशी जायची, जेवणाचा डबा घेऊन. संध्याकाळी वाळू थंड झाली की तो तिला किनाऱ्यावर न्यायचा. जाळी सुकवणाऱ्या रापणकारांना वळसा घालून, शॅकच्या, किनाऱ्यावरच्या खानावळींच्या, खुर्च्यांमधून ती पाय जपून टाकत चालायची. परदेशी मुली तिच्या मानेला मिठी मारून फोटो काढायच्या. नवरा लगाम धरून पुढे चालायचा, आणि त्याच्या तोंडावर ट्रक नवा घेतला तेव्हा होतं तसं हसू मला दिसायचं. तो एक हंगाम बरा गेला. मला वाटलं, चला, सापडली वाट.

दुसऱ्या हंगामात घोडी वाळायला लागली. बरगड्या दिसू लागल्या. पेंढा तोंडात घ्यायची, बराच वेळ चघळायची आणि त्याचा ओला बोळा करून खाली टाकून द्यायची. सकाळी खोपीत अशा बोळ्यांचा खच पडलेला असायचा. आम्ही तिच्यासाठी ओलं गवत आणलं, भुसा आणला, गूळ चारला. ती मन लावून खायची, आणि दिवसेंदिवस खंगत जायची.

तिथूनच आत, पेडण्याच्या बाजूला, पुण्याकडची एक बाई घोडे पाळून होती. पांढरे आखूड केस, पायात गमबूट. नवऱ्याने तिला हातापाया पडून आणलं. तिने घोडीची जीभ एका हाताने बाजूला ओढून धरली, दुसरा हात कोपरापर्यंत आत घातला आणि आतून गालाकडचे दात चाचपले.

"बारा वर्षांची म्हणून दिली तुम्हाला?" तिने विचारलं. "विशी कधीच ओलांडलीय हिने. दाढा झिजून गोट्यासारख्या झाल्यात. ही चावतच नाहीये, नुसतं तोंड हलवतेय."

"औषध?" नवरा म्हणाला.

"दात कुठून आणणार? आयतं बारीक केलेलंच द्यावं लागेल आता. मरेपर्यंत."

तिने आपल्याकडचं एक पोतं दिलं. आत हिरवे ठोकळे होते, काड्यापेटीहून थोडे जाड, विटेसारखे घट्ट. लसूणघास कापून, वाळवून, यंत्रात दाबून केलेले. ती त्यांना क्यूब म्हणायची, आम्हीही तेच म्हणू लागलो. मी एक हातात घेतला. दगडासारखा लागला. दात नसलेल्या जनावराला हे कसं द्यायचं, असं मी विचारलंसुद्धा.

"असं कोरडं कधीच नाही," ती म्हणाली. "हे नीट ऐक. कोरडं गिळलं तर घशात फुगतं. तसं झालंच तर वरून पाणी, तेल काही पाजू नकोस, छातीत जातं. बालदीत घाल, वर दुप्पट पाणी घाल आणि विसरून जा. तासाभराने हात घाल. बोटांनी दाबल्यावर पूर्ण मोडला पाहिजे. आत एक जरी कडक गाठ लागली तरी थांब. आणि भिजवलेलं उरलं तर फेकून दे, ह्या हवेत आंबतं."

मग तिने मला पोतं निवडायला शिकवलं. नवरा तेव्हा घोडीला पाणी दाखवत होता, म्हणून शिकणं माझ्या वाट्याला आलं. क्यूब मोडून बघायचा. आत पानं दिसली पाहिजेत, नुसत्या काड्या नकोत. रंग हिरवा हवा. तपकिरी झाला असेल आणि तंबाखूसारखा वास येत असेल तर तो दाबताना करपलाय, त्यात सत्त्व उरलेलं नसतं. पांढरी बुरशी दिसली की पोतंच नको. पोत्याच्या तळाला हात घालून भुगा किती ते बघायचं, भुगा जास्त म्हणजे माल जुना. तिने चांगल्या क्यूबचा वास मला घ्यायला लावला. आमच्याकडे भातकापणीनंतर मळणीच्या खळ्यावर येतो त्याच्या जवळपासचा होता, पण त्यात थोडी चहाची झाक.

भिजवलेल्या घासाचं पहिलं घमेलं घोडीपुढे ठेवलं तेव्हा तिने वास घेतला, ओठ बुडवला, मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि मग घमेलं चाटूनपुसून रिकामं केलं. नवरा तिच्या मानेवर थापट्या मारत राहिला. "बघलंस? बघलंस?" एवढंच म्हणत होता.

महिनाभरात तिच्या अंगावर मांस धरू लागलं. आणि त्याच सुमाराला किनाऱ्यावर जनावरं आणायला बंदी झाली. कोणी तरी तक्रार केली होती. खाकीतला एक माणूस आला, त्याने चांगल्या शब्दांत वरच्यांचा हुकूम सांगितला. "आमकां वयल्यान सांगलां," तो म्हणाला, "आमी तरी कितें करप?" त्याच्याशी भांडावं असं त्याने काही केलंच नव्हतं. नवऱ्याने लगाम उलटा फिरवला आणि घोडीला घेऊन वर आला. शॅकवाल्याने मागून हाक मारून त्याची राहिलेली चप्पल आणून दिली.

घोडी मुळगावला परत आली, आमच्या रिकाम्या गोठ्यात. नवऱ्याने तिला विकायचा प्रयत्न केला, पण दात नसलेली घोडी कोण घेणार? जे एक-दोघे विचारायला आले त्यांचे चेहरे बघून त्यानेच नाही म्हटलं. मग ओडिशातल्या खाणीवर डंपर चालवायला माणसं हवीत असं कळलं. गावातले चौघे-पाचजण निघाले, त्यांत हाही निघाला. जाताना गोठ्यात जाऊन आला, डोळे लाल होते. मला म्हणाला, "तू बघ गे तिका."

मी म्हटलं, "बघतंय."

दुसरं काय म्हणणार होते?

तेव्हापासून माझा दिवस बालदीने सुरू होऊ लागला. उठले की आधी क्यूब भिजत घालायचे, मग चूल. पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलीचा भोंगा वाजेपर्यंत ते फुगून बालदीच्या काठाशी आलेले असायचे. पाव घेऊन आले की बाही वर सारून हात घालायचा आणि एकेक गाठ शोधून चुरायची. तेच दुपारी, तेच दिवेलागणीला. हाताला लागलेला हिरवा वास साबणाने जात नसे. साखळी गावात दिलेली माझी मुलगी माहेरी आली की म्हणायची, "आई, तू घोडीसारखी वास मारतेस." सासरे रोज घमेल्यात डोकावून बघायचे. "माझ्या पेजेपरस बरां दिसतां," म्हणायचे.

पुण्याकडची ती बाई पावसाळ्याआधी घोडे घेऊन कायमची परत गेली, आणि पोतं मिळायचं ठिकाण गेलं. म्हापशाला जनावरांचं खाद्य विकणारा एक दुकानदार मागवून द्यायला तयार झाला. पोती पुण्याच्या बाजूने घाटातून ट्रकने यायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने शिवलेलं पोतं माझ्यापुढे ढकललं.

"उघडून बघते," मी म्हटलं.

"बाई, हे काय लग्नाचे तांदूळ आहेत?"

"उघडा तरी."

त्याने नाइलाजाने दोरा ओढला. मी एक क्यूब मोडला. आत तपकिरी. वास घेतला, तंबाखू. दुसरं पोतं उघडायला लावलं. ते हिरवं होतं, पण एका कोपऱ्याला ओल लागलेली, तिथे पांढरं धरलेलं.

"दुसरं नाही?"

"तुमच्याशिवाय घेतं कोण हे? दोनच मागवली. परत कधी येतील सांगता येत नाही."

घरी डब्यात एक दिवसापुरतेच क्यूब उरले होते. मी त्या दोन पोत्यांमध्ये उभी राहिले. बाईने शिकवलेलं सगळं मला तोंडपाठ होतं, हे नको, तेही नको. पण हवं ते कुठे होतं? शेवटी करपलेलं पोतं घेतलं. निदान त्यात विष नव्हतं. घरी येऊन ते अंगणात चादरीवर ओतलं आणि तांदळातले खडे निवडावेत तसे त्यातले बरे क्यूब वेगळे काढत बसले. सासरेही चष्मा लावून मदतीला आले. त्यांना रंगातला फरक दिसत नव्हता. ते उचलायचे, मला दाखवायचे, मी हो किंवा नाही म्हणायची. तशी ती निवड संध्याकाळपर्यंत चालली.

असे दोन पावसाळे निघाले. कधी पोतं चांगलं यायचं, कधी यायचंच नाही. मी निवडलेले क्यूब पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवायची, वर जातं ठेवायची. आणि तरीही ती दुपार आलीच.

मी शेजारच्या शेतात मिरचीला पाणी लावत होते. सासऱ्यांची हाक ऐकू आली. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. धावत आले तर घोडीने दावं तोडलेलं, जातं बाजूला लोळलेलं, डबा आडवा पडलेला आणि कोरडे क्यूब गोठाभर. घोडी मान लांब करून उभी होती. पोटातून उमाळा यावा तशी तिची मान ताणली जायची, ढिली पडायची, पुन्हा ताणली जायची. दोन्ही नाकपुड्यांतून हिरवी लाळ धारेने वाहत होती. मानेच्या डाव्या बाजूला मुठीएवढी गाठ वर आलेली दिसत होती.

मी आधी डबा उचलून बाहेर नेला, पाण्याचं भांडं बाहेर ठेवलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. परत आले तर सासरे खोबरेल तेलाची बाटली घेऊन तिचं तोंड धरायला बघत होते.

"बाबा, नको!"

"तेल घाल गो. निसरता तेलान. लहान पोराक काय करतंव आमी?"

"ते छातीत जाईल तिच्या. श्वास बंद होईल."

"मग काय नुसतां बघत रवायचां?"

मी त्यांच्या हातातून बाटली ओढून घेतली. लग्न झाल्यापासून त्यांच्या अंगाला माझा हात कधी लागला नव्हता. त्या दिवशी त्यांचं मनगट पिळून मी ती बाटली काढून घेतली. त्यांनी मनगट चोळलं. मग भिंतीला टेकून खालीच बसले, कदेल आणायचंही त्यांना सुचलं नाही.

डॉक्टर आले. गायीम्हशींचे सरकारी डॉक्टर, वयाने लहान, प्रामाणिक माणूस. आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, खरं सांगतो. मी घोडा तपासला तो शिकत असताना. नाकातून नळी घालून पाणी सोडायला हवं, पण घोड्याची नळी माझ्याकडे नाही आणि उगाच दुसरी घालून मी तिला फाडणार नाही." त्यांनी आपल्या शिक्षकांना फोन लावला, विचारून विचारून स्नायू सैल पडायचं इंजेक्शन दिलं. मग म्हणाले, "आता डोकं खाली ठेवायचं आणि वाट बघायची. लाळेने ते भिजेल आणि सुटेल. बहुतेक सुटतं."

"आणि सुटलं नाही तर?"

ते घोडीच्या मानेवरची गाठ हलक्या हाताने वरून खाली चोळत राहिले.

मी तिचं डोकं धरून उभी राहिले. ते एवढं जड असतं हे मला ठाऊक नव्हतं. इंजेक्शनने तिला गुंगी आली होती, तिने सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला. दर थोड्या वेळाने तिच्या अंगातून तो उमाळा यायचा आणि माझा ब्लाउज, लुगडं हिरव्या लाळेने भिजायचं. तिचा डोळा माझ्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्या डोळ्यात मी दिसत होते, माझ्यामागे गोठ्याचं दार दिसत होतं. माझ्या हातांत दुसरं काही नव्हतं. फक्त पडू न देणं.

सूर्य खाली गेला तेव्हा घोडी एकदम खोकली. माझ्या छातीवर हिरव्या लगद्याचा लोट आला. डॉक्टरांनी मानेवर हात फिरवला. गाठ नव्हती. सासरे भिंतीपाशी उठून उभे राहिले आणि देवाचं नाव घेऊन घरात गेले. त्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी चहा केला. साखर घालायला विसरले होते.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. "मी आसतंय जाल्यार..." एवढंच बोलला आणि थांबला. असता तर काय करणार होता, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

घोडी त्यातून उठली, पण पहिल्यासारखी झाली नाही. मी घास आणखी पातळ करू लागले, आंबिलासारखा. त्या पावसाळ्यात घाट खचला आणि ट्रक बंद झाले. म्हापशाचा दुकानदार फोनवर एकच सांगायचा, "बाई, गाड्या पलीकडे अडकल्यात." डब्यातले शेवटचे क्यूब मी अर्धे करून, पाव करून पुरवले. मग भाताचा कोंडा भिजवला, गिरणीतून मक्याचं पीठ आणलं, हिरवं गवत विळीवर कापून पाट्यावर वाटलं. हो, पाट्यावर. वाटलेलं गवत घमेलंभर व्हायला अख्खी सकाळ जायची आणि घोडीच्या पोटात ते कुठल्या कुठे जायचं. सासरे आपल्या पेजेतली अर्धी वाटी तिच्या घमेल्यात ओतायचे. मी बघायची आणि घमेलं त्यांच्याकडे सरकवायची. रोज सकाळी तिच्या पाठीचा कणा आणखी थोडा वर आलेला असायचा.

घाट मोकळा झाला. दुकानदाराने स्वतः फोन केला. मी म्हापशाला गेले आणि पोतं उघडलं. तसा माल मी आधी कधीच पाहिला नव्हता. क्यूब मोडला तर आत हिरवीगार पानं, भुगा नाही, ओल नाही, आणि पुण्याच्या बाईने हुंगवलेला तो वास. दुकानदारही म्हणाला, "ह्या वेळी तुमच्या मनासारखं आलं."

मी कधी नव्हे ते रिक्षा करून घरी आले. क्यूब भिजवले, गाठ न् गाठ चुरली, कोमट पाणी घातलं. घोडीपुढे घमेलं ठेवलं. तिने वास घेतला आणि मान वळवली. मी घमेलं दुसऱ्या बाजूला नेलं. तिने पुन्हा मान वळवली. गूळ किसून घातला, मीठ घातलं, हातावर घेऊन ओठांशी नेलं. तिने माझा हात हुंगला आणि नाकातून हवा सोडली. संध्याकाळी तो सगळा घास आंबला आणि मी माडाच्या मुळात ओतला.

तिसऱ्या का चौथ्या सकाळी गोठ्यात गेले तर ती आडवी होती.

वाड्यावरचे पुरुष आले. पोटाखालून दोर घातले, वासे लावले. ती पुढच्या पायांवर उठायची, मागचे पाय चिखलात सरकायचे, पुन्हा बसायची. तिसऱ्यांदा तिने प्रयत्नच केला नाही. डॉक्टर येऊन बघून गेले. कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यावं लागेल म्हणाले. एवढ्या मोठ्या जनावराला पुरेल इतकं औषध त्यांच्याकडे नव्हतं. ते आणायला फोंड्याला गेले.

तेवढ्यात नवऱ्याचा व्हिडिओ फोन आला. तो खाणीवर होता, डोक्यावर हेल्मेट, मागे लाल डोंगर, अगदी आमच्याकडच्यासारखा. मी फोन घोडीसमोर धरला.

"उठय तिका," तो म्हणाला. "गे, उठय तिका. चार माणसां लाव."

"लावली. उठत नाही हो."

"दोर पोटाक नाय, छातयेक बांध. छातयेक!"

"बांधला होता."

मग तो तिलाच हाका मारू लागला. किनाऱ्यावर मारायचा तशी जिभेने टकटक केली, शीळ घातली. मी फोन तिच्या कानाशी नेला. तिने कान हलवला नाही. त्याच्यामागून कोणी तरी डंपरचा भोंगा वाजवत होतं, बहुधा त्याने मध्ये लावलेली गाडी काढण्यासाठी. तो वळून ओरडला, "येतंय रे, येतंय!" आणि फोन बंद झाला.

पाऊस थोडा थांबला होता. लोक चहाला गेले. मी पातळ घास वाटीत घेऊन तिच्याजवळ बसले आणि बोटाने तिच्या ओठाच्या आत लावला. तिने ओठ हलवला. थोडं जिभेवर घेतलं, तोंडात तसंच ठेवलं. गिळलं नाही. सासरे कदेल घेऊन दारात बसले होते. त्यांच्या लक्षात आधी आलं.

"पुरे कर, बाय," ते म्हणाले. "गेली ती."

डॉक्टर औषध घेऊन आले तेव्हा आम्ही तिच्यावर चादर घातली होती. मी त्यांना विचारलं, माझं काही चुकलं का, आणखी काही करता आलं असतं का. "नाही वहिनी," ते म्हणाले. "तिचं वय झालं होतं." ते खरं होतं की माझ्यासाठी म्हणाले, हे मला अजून कळलेलं नाही.

खाणीवर काम नसल्यामुळे रिकामं पडलेलं खोदायचं यंत्र एका शेजाऱ्याने आणलं. शेताच्या कडेला खड्डा खणला, पण खणावं तसं लाल पाणी भरत होतं. उपसून काढायचे आणि परत भरायचं. शेवटी तसंच तिला आत ठेवलं.

उरलेलं पोतं मी शेजारणीच्या गायीला दिलं. तिने ते कोरडंच, कडाकडा चावून खाल्लं.

चवथीला नवरा घरी आला. वाळला होता, काळा पडला होता. अंघोळीआधी गोठ्यात गेला, दावं बांधायच्या खुंटीवर हात ठेवून उभा राहिला. मी टॉवेल घेऊन दारात होते.

"शेवटाक काय खाल्लान तिना?" त्याने विचारलं.

"बाबांची पेज," मी म्हटलं. "आदल्या दिवशी. दोन घोट."

"लसूणघास नाय?"

"तोंडात घेतला. गिळला नाही."

त्याने मान हलवली, माझ्या हातातून टॉवेल घेतला आणि विहिरीकडे गेला. बराच वेळ रहाटाचा आवाज येत राहिला.